घालू नये, घालावे, घातलेच पाहिजे: आज्ञा आणि नैतिक निवाडे तपासायची रीत

सोसायटीच्या फलकावरची ही सूचना वाचा. नमुन्यादाखल मीच रचली आहे, पण भाषा ओळखीची वाटेल.

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीच्या आवारात भटक्या कुत्र्यांना खायला घालू नये. आपली सोसायटी स्वच्छ व सुसंस्कृत सोसायटी म्हणून ओळखली जाते. घालायचेच असल्यास मागच्या गेटपाशी सकाळी 7 ते 8 या वेळेत घालावे. नंतर जागा स्वच्छ करण्यात यावी. उल्लंघन झाल्यास कार्यवाही करण्यात येईल. – सचिव"

संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय होतं तेही आपल्याला पाठ आहे. "मुक्या जिवाला उपाशी ठेवणं पाप आहे." "मागच्या महिन्यात एका मुलाला कुत्रा चावला, म्हणून खायला घालणं चुकीचंच." "ज्यांना एवढा पुळका आहे त्यांनी घरात न्यावीत." आणि मध्येच कुणीतरी विचारतं, "घालू नये म्हणता आणि घालावे पण म्हणता, नक्की काय?" हा प्रश्न सगळ्यांत शहाणा. त्याला उत्तर मात्र कुणी देत नाही.

आज्ञा, मनाई, परवानगी आणि 'हे चूक, ते बरोबर' असे निवाडे यांना तर्क लागू होतो, आणि तो बऱ्यापैकी काटेकोर असतो. त्यावर कसून काम केलेल्या दोन परंपरा मला माहीत आहेत. एक मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन भारतीय शास्त्रकारांची. यज्ञाची विधिवाक्यं कशी वाचायची, दोन वाक्यं भांडली तर काय करायचं, याचे नियम त्यांनी शतकानुशतकं घासूनपुसून ठेवले. वाईच्या केवलानंद सरस्वतींनी याच शास्त्राचा सात खंडांचा 'मीमांसाकोश' केला. दुसरी परंपरा विसाव्या शतकातल्या युरोपीय तर्कशास्त्रज्ञांची. पुढच्या पायऱ्यांत दोन्हींची हत्यारं वापरली आहेत. सूचना, शासन निर्णय, घरातला हुकूम किंवा नैतिक वाद, काहीही हाती आलं तरी याच क्रमाने जा.

पायरी 1: प्रत्येक वाक्याला उलट उत्तर देऊन बघा

वाक्यं सुटी करा आणि एकेकाला "खोटं!" असं म्हणून बघा.

"आपली सोसायटी स्वच्छ आहे." खोटं! हे उत्तर चपखल बसतं, तेव्हा हे विधान झालं. "दार लाव." खोटं! बसत नाही. तिथे "नाही लावत" किंवा "का?" हीच उत्तरं शोभतात, म्हणजे ही आज्ञा. आता "खायला घालणं चुकीचं आहे" घ्या. इथे "खोटं आहे हे" असंही म्हणता येतं आणि "का?" असंही विचारता येतं. नैतिक निवाडा असा दोन्हीकडे पाय ठेवून उभा असतो. रूप विधानाचं आणि काम बरंचसं आज्ञेचं. निम्मे वाद या दुटप्पीपणातून निघतात.

या कसोटीवर आपल्या सूचनेतलं दुसरं वाक्य गळून पडतं. त्यात कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. मीमांसक अशा वाक्याला अर्थवाद म्हणतात: स्तुती किंवा निंदा करून शेजारच्या विधीकडे, म्हणजे 'असं करावं' सांगणाऱ्या वाक्याकडे, मन वळवणारं वाक्य. अर्थवादाला फालतू समजू नका, हेतू कळायला तो उपयोगी पडतो. पण त्यातून नवा नियम काढू नका. 'सुसंस्कृत सोसायटी' या शब्दांच्या जोरावर उद्या कुणी गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी मागितली, तर त्याला तिथेच थांबवा.

शेवटचं वाक्यही आज्ञा नाही. 'करण्यात येईल' हा साधा भविष्यकाळ आहे, धमकीच्या सुरातला. शिवाय तिथे 'कारवाई' हवं होतं. कार्यवाही म्हणजे कामाची अंमलबजावणी, कारवाई म्हणजे दोषी माणसाविरुद्ध उचललेलं पाऊल. सरकारी पत्रांतही ही गल्लत इतकी रुळली आहे की आता कुणाला खटकत नाही.

पायरी 2: 'आवे' कोणत्या कामावर आहे ते ओळखा, आणि हरवलेला कर्ता शोधा

शाळेच्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आपल्या लेखी सूचना बहुतेक विध्यर्थात असतात, आणि हे रूप एकाच वेळी अनेक नोकऱ्या करतं. "मुलांनी मोठ्यांचा मान ठेवावा" यात कर्तव्य आहे. "आता तरी पाऊस यावा" यात इच्छा. "भाषण करावं तर तिनेच" यात योग्यता. "तो एव्हाना पोहोचला असावा" यात नुसता तर्क. फलकावरचं 'घालावे' कर्तव्य सांगतं, सुचवतं की परवानगी देतं, हे रूपावरून कळत नाही. म्हणून त्याच्या जागी तीन पर्याय एकेक करून ठेवून बघा: 'घातलेच पाहिजे', 'घातलेले बरे', 'घातले तर चालेल'. पहिला पर्याय आपल्या तिसऱ्या वाक्यात ठेवला तर हसू येतं, कारण सोसायटी कुणावर कुत्र्यांना जेवू घालण्याची सक्ती करत नाही. उरले दोन. त्यांचा निकाल पुढे लावू.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'जागा स्वच्छ करण्यात यावी.' कुणी? सचिवांच्या मनात खायला घालणारा माणूस आहे. घालणाऱ्याच्या मनात झाडायला येणाऱ्या मावशी आहेत. मावशींना कुणी विचारलेलंच नाही. 'करण्यात यावे' ही रचना कर्त्याला अलगद गायब करते, आणि ज्या आज्ञेला कर्ता नाही ती मोडली तरी मोडणारा सापडत नाही. हाती येईल त्या प्रत्येक '-ण्यात यावे'च्या वर पेन्सिलीने 'कोणी?' लिहायची सवय लावून घ्या. उत्तर मजकुरात सापडलं नाही तर सूचना अपुरी आहे, एवढं समजा.

पायरी 3: वाक्याचे दोन भाग करा

"तू दार लावणार आहेस" आणि "तू दार लाव" या दोन वाक्यांत एक गोष्ट समान आहे: तू दार लावण्याची कल्पना. फरक तिचं काय करायचं यात आहे. पहिल्यात 'असं होणार' म्हणून ती मांडली, दुसऱ्यात 'असं कर' म्हणून पुढे ढकलली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ आर. एम. हेअर यांनी 1952 सालच्या आपल्या पुस्तकात या दोन अंशांना 'फ्रास्टिक' आणि 'न्यूस्टिक' अशी ग्रीक वळणाची नावं दिली. मीमांसकांनी 'यजेत' ('यज्ञ करावा') या एका क्रियापदात असंच काही आधी पाहिलं होतं. त्याच्या प्रत्ययातला एक अंश सगळ्या क्रियापदांत असतो, तो माणसाची कृती सांगतो. दुसरा अंश फक्त विध्यर्थाचा, तो प्रेरणा देतो. दोघांची विभागणी अगदी एकसारखी नाही, पण कामापुरती जुळते.

मीमांसकांनी यापुढे जाऊन विधीला विचारायचे तीन प्रश्न ठरवले: काय साधायचं, कशाने साधायचं, कसं साधायचं. रोजच्या वापरात याहून सोपी आणि धारदार चाचणी मला दिसलेली नाही. आपल्या सूचनेला विचारा. काय साधायचं? आवार स्वच्छ आणि सुरक्षित ठेवायचं, हे अर्थवादावरून आणि लोकांच्या बोलण्यावरून ताडावं लागतं, लिहिलेलं नाही. कशाने? खायला न घालण्याने. कसं? ठरलेली जागा, ठरलेली वेळ, नंतर सफाई. तीन उत्तरं शेजारी ठेवली की लगेच शंका येते: स्वच्छता हे साध्य असेल तर तिसरं उत्तर पुरेसं आहे, दुसऱ्याची गरजच नाही. आणि सुरक्षितता हे साध्य असेल तर तिसरं उत्तर अपुरं आहे. सूचना लिहिणाऱ्याने दोन साध्यं एका पोत्यात भरली.

पायरी 4: नकार कुठे चिकटलाय ते पाहा

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात.

'घातलंच पाहिजे' याचा नकार काय? मराठीत किमान दोन आहेत, आणि त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. 'घालू नये' म्हटलं की मनाई झाली. 'घातलंच पाहिजे असं नाही' म्हटलं की फक्त सक्ती उठली. घालायचं असेल तर घाला. बोलण्यात 'घालायला नको' हे तिसरं रूप येतं, आणि ते दोन्हीकडे झुकतं. "आज डबा द्यायला नको" म्हणजे गरज नाही. "त्याला पैसे द्यायला नको होते" म्हणजे देणं चूक होतं. म्हणूनच लेखी नियमात 'नको' वापरू नये.

फिनलंडचे गेओर्ग हेन्रिक फॉन रिख्त यांनी 1951 साली या संबंधांचं रीतसर तर्कशास्त्र मांडलं. गाभा साधा आहे. एखादी गोष्ट मना आहे म्हणजे ती न करणं बंधनकारक आहे. एखाद्या गोष्टीची मुभा आहे म्हणजे ती न करण्याचं बंधन नाही. बंधन, मनाई, मुभा या तिघांपैकी एक हाती धरलं की उरलेली दोन योग्य जागी 'नाही' घालून मिळतात. कुठलाही नियम वाचताना तो या तीनपैकी एका शब्दात सांगता येतो का बघा. येत नसेल तर लिहिणाऱ्यालाच स्पष्ट नव्हतं.

मीमांसकांची बारकाई इथे आणखी खोल जाते. 'खाऊ नये' मधला नकार ते 'खा'ला न जोडता विध्यर्थाच्या प्रेरणेला जोडतात. प्रेरणा उलटी फिरते आणि माणसाला कृतीपासून परतवते. असा निषेध पाळायला काहीच करावं लागत नाही, नुसतं परावृत्त राहिलं की झालं. पण "उगवत्या सूर्याकडे पाहू नये" हे वाक्य 'हे त्याचं व्रत' अशा प्रस्तावनेनंतर येतं. व्रत म्हणजे काहीतरी करायची गोष्ट. म्हणून तिथे ते नकार वेगळ्या जागी लावतात आणि अर्थ घेतात, 'न पाहण्याचा संकल्प करावा'. याला पर्युदास म्हणतात. फरक पटायला एकादशी घ्या. गुंगीच्या औषधाने दिवसभर झोपून राहिलेल्या माणसाने काही खाल्लं नाही, पण त्याने उपवास केला असं आपण म्हणत नाही. 'खाऊ नये' हा निषेध पाळला गेला, व्रत झालं नाही.

आता तिसऱ्या वाक्याचा निकाल. 'सकाळी 7 ते 8 या वेळेत घालावे.' मीमांसक विधीचे तीन प्रकार करतात. एरवी कुणाला सुचलीच नसती अशी गोष्ट नव्याने सांगणारा तो अपूर्वविधी. अनेक मार्गांपैकी एकच पक्का करणारा तो नियमविधी: भात सडायला अनेक तऱ्हा असताना कांडूनच सडावा असं सांगणारा. आणि तिसरी परिसंख्या, जी दिसायला आज्ञा असते पण जिचं सगळं लक्ष बाकीचं वगळण्यावर असतं. "पाच पंचनखी प्राणी खावेत" हे शास्त्रवाक्य कुणाला साळिंदर खायला भाग पाडत नाही. या पाचांखेरीज दुसरे पंचनखी खाऊ नयेत, एवढंच सांगतं. आपलं वाक्य याच घरातलं. 7 ते 8 मध्ये घाला अशी आज्ञा नाही, बाकीच्या तेवीस तासांत घालू नका अशी मनाई आहे. 'रविवारी दुपारी हॉल वापरावा', 'पाहुण्यांच्या गाड्या बाहेर लावाव्यात' असल्या सूचना हातात आल्या की आधी परिसंख्येची शंका घ्या. अशा ठिकाणी 'च' किंवा 'फक्त' लिहिलं की काम भागतं. आपले सचिव लोक 'च' टाकायला का लाजतात कुणास ठाऊक.

पायरी 5: 'असल्यास' पुढे थांबा

"घालू नये. घालायचेच असल्यास गेटपाशी घालावे." या जोडीचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही व्याकरणात बसतात. एक, गेटपाशी घालायला मुभा आहे. म्हणजे मनाईला अपवाद. दोन, मनाई सगळीकडे कायम आहे, पण मोडणारच असाल तर निदान कमी त्रास होईल अशी मोडा.

ओळखायची खूण अशी: सकाळी साडेसातला गेटपाशी घालणाऱ्या माणसाने नियम मोडला का? 'नाही' असं उत्तर असेल तर अपवाद. 'मोडला, पण त्यातल्या त्यात बरं वागला' असं असेल तर दुसरा अर्थ. "दारू पिऊ नकोस, प्यायलास तर गाडी चालवू नकोस" यात उघड दुसरा अर्थ आहे. प्यायलेल्याने रिक्षा केली म्हणून पहिला नियम पाळला असं होत नाही.

फॉन रिख्तच्या पद्धतीचं तर्कशास्त्र नेमकं इथे अडखळलं. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉडरिक चिझम यांनी 1963 साली दाखवून दिलं की कर्तव्य मोडल्यावर लागू होणारं कर्तव्य त्या चौकटीत सरळ बसवायला गेलं तर एकतर विसंगती येते, नाहीतर वाक्यांतला खरा संबंध हरवतो. मीमांसकांपुढे हाच पेच श्येनयागाच्या रूपाने उभा होता. एकीकडे 'कोणाही जिवाची हिंसा करू नये', दुसरीकडे 'शत्रूचा घात करू पाहणाऱ्याने श्येनयाग करावा'. त्यांची सोडवणूक मला फार आवडते. श्येनाचं वाक्य घात करायला सांगत नाही. ज्याच्या मनात घाताची इच्छा आधीच आहे त्याला फक्त साधन सांगतं. हिंसेची मनाई जागेवरच राहते आणि तिचा दोषही त्याच्याच माथी. व्हिएन्नातल्या तर्कशास्त्रज्ञांनी आणि संस्कृत अभ्यासकांनी मिळून 2015 साली मीमांसेच्या नियमांचं आधुनिक चिन्हांकित रूप मांडलं, तेव्हा श्येनाचं हेच उदाहरण तपासायला घेतलं होतं.

पायरी 6: आज्ञेतून आज्ञा काढताना

"सगळ्या खोल्यांतले दिवे मालव." देवघर ही एक खोली. म्हणून देवघरातला दिवाही मालव. तर्क बिनचूक आहे, आणि घरात कुणी समई विझवली तर बोलणी खाल. अडचण तर्काची नाही. 'सगळ्या' या शब्दामागे न बोललेले अपवाद होते.

खरी शंका वेगळी आहे. अनुमान म्हणजे खऱ्यातून खरं काढणं. आज्ञा खरी नसते आणि खोटीही नसते, मग अनुमान होतं कसं? डेन्मार्कच्या यॉर्गेन यॉर्गेन्सेन यांनी 1930च्या दशकाच्या अखेरीस हा पेच मांडला. 'खरी' ऐवजी 'पाळली गेली' घ्या, हे सहज सुचणारं उत्तर. पण त्यांचेच देशबंधू, कायदेपंडित आल्फ रॉस, यांनी 1941 मध्ये त्यालाही खोट दाखवली. "पत्र पोस्टात टाक" ही आज्ञा पाळली की "पत्र पोस्टात टाक किंवा जाळून टाक" ही आपोआप पाळली जाते. म्हणून पहिलीतून दुसरी निघते म्हणायचं का? नोकराने पत्र जाळलं आणि 'मी दुसरी पाळली' म्हणाला तर? व्यवहारापुरता धडा एवढाच घ्या: विधानात 'किंवा' जोडल्याने काही बिघडत नाही, आज्ञेत जोडला की निवड देऊन बसता. मूळ नियमात नसलेला 'किंवा' कधी आत येऊ देऊ नका.

पायरी 7: दोन नियम भांडले तर

सामान्य नियम आणि विशेष नियम यांत विशेष जिंकतो. "ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक." कौंडिण्यही ब्राह्मणच, पण त्याच्या पानात दही पडत नाही, ताकच पडतं. वैयाकरणांचा हा जुना न्याय कायद्यातही चालतो. दोन्ही नियम तुल्यबळ असतील, कुठलाच विशेष नसेल, तरच विकल्प: हे करा वा ते. मीमांसक विकल्पाला अगदी नाइलाजाने जवळ करतात. त्यात आठ दोष आहेत असं ते मोजून सांगतात, कारण विकल्प मानला की दर वेळी एक शास्त्रवाक्य वाया जातं. आपल्याकडे उलट आहे. दोन परिपत्रकं जुळली नाहीत की लगेच 'जे सोयीचं ते'.

मग अधिकार पाहायचा. सोसायटीची सूचना देशाच्या नियमांखाली येते. राज्यघटनेच्या 51क कलमात सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलं आहे. हे कलम 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने आलं. ते मोडल्याबद्दल त्या कलमात शिक्षा नाही. बंधन आहे पण पाठीशी दंड नाही, असा हा प्रकार. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 मात्र नेमकं बोलतात. आवारात राहणाऱ्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी रहिवासी संघावर किंवा स्थानिक संस्थेवर टाकतात, आणि खायला घालायची जागा मुलांच्या खेळाच्या जागा, जिने, ये-जा करायची दारं यांपासून दूर असावी असं सांगतात. वेळही मुलं आणि वृद्ध कमी वावरतात अशी निवडायची.

आता सूचना परत वाचा. सरसकट मनाई टिकत नाही. 'मागच्या गेटपाशी' ही जागा तर दारापाशीच आहे. आणि सकाळी 7 ते 8 म्हणजे शाळेच्या बसची वेळ.

पायरी 8: पुन्हा लिहा

"कुत्र्यांना खायला घालू इच्छिणाऱ्या सभासदांनी ते फक्त पंपहाउसच्या मागच्या मोकळ्या जागेतच, रात्री 10 ते 11 या वेळेतच घालावे. आवारात इतरत्र किंवा इतर वेळी कुणीही घालू नये. घालणाऱ्याने स्वतः उरलेले अन्न व भांडी लगेच उचलून जागा धुवावी. हा नियम पाळला न गेल्यास समिती संबंधित सभासदाला लेखी विचारणा करील."

कर्ता प्रत्येक वाक्यात हजर आहे, परिसंख्येला 'च' मिळाला, 'असल्यास' गेलं, स्तुती गेली. विचारणेनंतर दंड करायचा का, तो उपविधींत बसतो का, हे समितीने सभेत ठरवायचं. सूचनेत मोघम धमकी लिहू नये.

पायरी 9: आता ग्रुपवरच्या निवाड्यांकडे

सूचना सुधारली म्हणून भांडण मिटत नाही. तिथे पहिलं काम 'म्हणून' शोधायचं. "मुलाला कुत्रा चावला, म्हणून खायला घालणं चुकीचं." डाव्या बाजूला 'आहे', उजव्या बाजूला 'करू नये'. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम यांनी 1740 साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात या उडीवर बोट ठेवलं, आणि ती उडी कुणी कारण न देता मारली की लगेच पकडायची सवय तेव्हापासून लागली. मधली गाळलेली वाक्यं बोलून दाखवायला सांगा. इथे दोन आहेत. एक: खायला घातल्याने चावण्याचे प्रसंग वाढतात. ही वस्तुस्थितीची बाब, तपासता येते. उलट पोट भरलेला कुत्रा कमी त्रास देतो असंही कुणी म्हणेल, त्यानेही पुरावा आणावा. दोन: धोका वाढवणारं काम करू नये. हे तत्त्व. ते मान्य केलं तर आवारात गाडी जोरात हाकणंही त्यात आलं. म्हणणाऱ्याला तेवढं पेलतं का बघा.

"मुक्या जिवाला उपाशी ठेवणं पाप आहे" यात गाळलेला भाग क्रियापदात लपला आहे. मी कावळ्याला घास घालत नाही, म्हणून मी कावळ्याला उपाशी ठेवतो असं कुणी म्हणत नाही. 'उपाशी ठेवणं' म्हणायला जबाबदारी आधी अंगावर असावी लागते, आणि ती आहे की नाही हाच तर वाद आहे. असे शब्द हुडकून काढा. 'पुळका' तसाच; 'कळवळा'ही त्याच वागण्याला म्हणतात. काटकसरी आणि कंजूष, धीट आणि आगाऊ. वर्णन आणि निवाडा एकाच शब्दात मुरलेले असतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी 1985 मध्ये अशा शब्दांना 'दाट' म्हटलं, आणि दोन्ही घटक वेगळे काढता येतातच असं नाही, असंही बजावलं. वादात मात्र प्रयत्न करून बघावा: "पुळका म्हणजे नक्की काय केलं त्यांनी?" एवढं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं, "रोज पोळ्या घालतात." बरं. त्यावर बोलू.

मग कुणीतरी म्हणतोच, "अहो, हे सगळं ज्याच्या त्याच्या भावनांचं आहे, तर्क कसला लावता?" ही भूमिका ए. जे. एअर यांनी 1936 साली मोठ्या जोरात मांडली होती: नैतिक वाक्य म्हणजे भावनेचा उद्गार. तिला पीटर गीच यांनी 1965 मध्ये दिलेलं उत्तर कुणालाही वापरता येईल असं आहे. निवाड्याला 'जर' लावा. "खायला घालणं चूक असेल, तर सोसायटीच्या निधीतून त्यासाठी पैसे देणंही चूक." हे वाक्य दोन्ही पक्षांना मान्य होतं, आणि त्यात कुणीही खायला घालण्याबद्दल राग किंवा लोभ व्यक्त केलेला नसतो. तरी पुढे कुणी 'घालणं चूकच आहे' असं म्हटलं की निष्कर्ष पक्का निघतो. नुसता उद्गार असा 'जर'च्या आत शिरून काम करत नाही.

शेवटची कसोटी हेअर यांची. निवाड्यातली नावं खोडा. "चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी घालू नये" याऐवजी 'कुणीही, कुठल्याही मोकाट प्राण्याला, आवारात' असं लिहा आणि बोलणाऱ्याला विचारा, मान्य? इथे हमखास गच्चीवर कबुतरांना दाणे टाकणारे एक आजोबा निघतात. कबुतरांचं वेगळं आहे असं म्हणायचं असेल तर वेगळेपण सांगावं लागतं, आणि जे सांगाल ते पुढेही लागू होतं. 'ती चावत नाहीत' म्हटलंत तर न चावणाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीलाही मुभा द्यावी लागेल. नंतर बाजू बदलून बघायला सांगा: त्या चावलेल्या मुलाचे तुम्ही बाप आहात, तरी हेच म्हणाल? रोज तुमची वाट बघणारी कुत्री तुमची आहे, तरी हेच?

हेअर यांच्या मते मनापासून 'करायला हवं' म्हणणारा माणूस वेळ आली की ते करतोच. नाही केलं तर एकतर त्याला जमत नव्हतं, नाहीतर तो फक्त लोकांचं म्हणणं बोलून दाखवत होता. हे मला पूर्ण पटत नाही. 'कळतं पण वळत नाही' असं आपण रोज म्हणतो, आणि त्यातलं 'कळतं' खोटं नसतं. पण हेअर पुस्तकी माणूस नव्हते. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर ते जपान्यांच्या कैदेत गेले, ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबले, आणि युद्ध संपेपर्यंत कैदेतच होते. जिथे कुठलीच नीती समाईक नाही अशा ठिकाणीही वापरता येईल असं काहीतरी ते शोधत होते.

आणि मर्यादा त्यांनी स्वतःच कबूल केली. 1963च्या पुस्तकात त्यांनी असा माणूस उभा केला जो बाजू बदलूनही डगमगत नाही: "माझ्या मुलाला चावला असता तरी मी हेच म्हटलं असतं, आणि मी कुत्रा असतो तर मला उपाशी ठेवा असंही म्हटलं असतं." अशा कट्टर माणसाच्या बोलण्यात तर्काची चूक काढता येत नाही. असे फार थोडे असतात. बहुतेक लोक बाजू बदलायच्या प्रश्नावरच अडखळतात. पण एखादा निघालाच, तर त्याच्याशी ग्रुपवर रात्री बारापर्यंत घासाघीस करू नका. ठराव सर्वसाधारण सभेत मतदानाला टाका आणि त्याचा विरोध इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत नोंदवून घ्या.